गोंधळ अंगणातला आणि कार्यालयातला

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

मुलाच्या लग्नातला कुलदेवीचा गोंधळ, म्हणजे गोंधळ्यांनी गाऊन-नाचून करायचा देवीचा विधी, मंगल कार्यालयातच उरकावा का, आणि यात श्रद्धा किती नि रीत किती, असे दोन्ही प्रश्न तू एका दमात विचारलेस. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे: गोंधळ कुणासमोर उभा राहतो, त्यावर तो कसा होणार हे ठरतं.

मांडणी आपल्याकडे बहुतेक घरी सारखीच असते. पाटावर चोळीचा कोरा खण, त्यावर तांदळाचा चौक, मधोमध पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश, त्यात विड्याची पानं, वर नारळ. भोवती सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, खोबऱ्याच्या वाट्या आणि देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या देवांच्या प्रतिमा. पाच उसांचे शेंडे एकत्र बांधून वर उभे करायचे. ऊस नसेल तर ज्वारीची ताटं चालतात. मग यजमान दिवटी, म्हणजे देवीची मशाल, पेटवतो आणि बुधलीतलं तेल घालून ती तेवती ठेवतो.

फरक पडतो तो माणसांमुळे. तुळजापूरच्या भवानीचे गोंधळी कदमराई, माहूरच्या रेणुकेचे रेणुराई; तुझं कुळ जिकडचं, तिकडचा गोंधळी बोलवायचा. एका घरी पुरणाचा नैवेद्य, शेजारच्या घरी बोकड, आणि देवी तीच. अंबाजोगाईची योगेश्वरी तर कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची कुलदेवता. इतक्या लांबचं हे नातं एकट्यानं विचार करून कुणी निवडलेलं नाही, ते जन्माबरोबर आणि सोयरिकीबरोबर येतं. पण म्हणून ते खोटं ठरत नाही. तुळजापुरात देवीची पालखी बुऱ्हाणनगरच्या तेली घराण्याकडून येते. तो मान त्या घराला स्वतःच्या देवभक्तीहून वेगळा काढताच येणार नाही.

आता कलेचं बघ. गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, झाला की आवाहन सुरू होतं. तुळजापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर असे एकेका ठिकाणचे देव गोंधळाला बोलावले जातात, आणि जाणता नायक, म्हणजे मुख्य गोंधळी, त्यात तुझ्या गावची मरीआई नि शिवारातला म्हसोबाही घेतो. आपल्या गावाचं नाव आलं की बसलेली माणसं सावरून बसतात. पुढं आख्यान. नायक सांगतो, साथीदार अडाण्यासारखे प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न समोर कोण बसलंय हे बघून तिथंच सुचलेले असतात. करपल्लवीतही तसंच. श्रोत्यानं एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगायचं, त्यानं बोटांच्या खुणा करायच्या आणि दुसऱ्यानं ते नाव ओळखायचं. कार्यालयात दहाव्या रांगेला बोटंच दिसत नाहीत, मग ती सोडून देतात. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ मोठ्या रंगमंचावर नेला, पण तेवढी ताकद प्रत्येक फडात नसते.

पैठणला संत एकनाथांनी सोळाव्या शतकात हे नेमकं ओळखलं होतं. जोगवा, गोंधळ, वासुदेव हे लोकांच्या कानातले साचे त्यांनी घेतले आणि त्यात अद्वैत, म्हणजे जीव आणि देव एकच हा विचार, भरला. साचा ओळखीचा असल्यामुळं अर्थ समजावत बसावं लागलं नाही.

अंगात येण्याबद्दल तू जरा तुच्छतेनं लिहिलंस, ते मला पटलं नाही. संबळाची, म्हणजे गोंधळ्याच्या जोडवाद्याची, लय चढते, ओळखीच्या बायका ‘उदो उदो’ म्हणतात, आणि वर्षभर तोंड न उघडणाऱ्या सुनेला चार माणसांत बोलायची मुभा मिळते. तिला हळदीकुंकू लावतात, प्रश्न विचारतात, सासूही हात जोडते. ज्या घरात हे कमीपणाचं मानतात, तिथं त्याच संबळावर बायका शांत बसून राहतात. ढोंग म्हणून हात झटकले की हे काहीच कळत नाही. तेव्हा एवढं मात्र कर: तिच्याभोवती जागा मोकळी ठेव आणि दिवटी लांब न्यायला सांग. मोकळे केस आणि उघडी ज्योत, अपघात तिथंच होतो.

कार्यालयच ठरलं असेल, तर या गोष्टी सांभाळ. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. म्हणून सातला चौक भरून तयार हवा, नाहीतर आरतीच्या घाईत आख्यान कापलं जातं. जेवणं आधी उरकून घे. नंतर ठेवलीस तर पाहुण्यांचं लक्ष पंगतीकडं राहतं. माईक नायकाच्या तोंडापाशी ठेव, संबळासमोर नको, कारण संबळ शब्द गिळतो आणि तुणतुणं तर ऐकूच येत नाही. पावसाळी हवेत संबळाचं कातडं सैल पडतं, ते शेकायला निखारे लागतील. दिवटीवरचे पंखे बंद ठेव, खाली पत्रा अंथर.

खुर्च्या मागं सरकवून पुढं सतरंजी टाक आणि जोगवा पाठ असलेल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना तिथं बसव. उदोला पहिला आवाज त्यांचा निघाला की बाकीचे लाजत नाहीत. तीनशे अनोळखी माणसांत पहिलं कुणी ओरडत नाही, आणि पाहुण्यांना याची आवडच नाही असं समजून गोंधळी सिनेमाच्या चालींवर उतरतो.

काकूंकडून कुळाचे, गावाचे आणि सुनेच्या माहेरचे देव लिहून घे नि तो कागद आदल्या दिवशीच नायकाला पोचव. माहेरचे देव हमखास राहून जातात.

तुझा मित्र