अभ्यासिकेतल्या शेजारच्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. आपल्या अभ्यासिकेत माणसं टेबलाच्या नंबरानेच ओळखली जातात, आणि परीक्षा झाल्यावर तुम्ही टेबल सोडलंत तेव्हा मी गावी होते. परत आले तर तिथे दुसराच कोणी राज्यघटना उघडून बसलेला. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर. सदाशिव पेठेत अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण आयटीतली नोकरी सोडून एमपीएससी करणारा आणि शेजारणीला पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या एररवर चिठ्ठ्या लिहून देणारा माणूस दुसरा नसावा. वाचलंत तर लगेच ओळखाल.

चिठ्ठ्या, कारण आत बोलायची सोय नाही. भिंतीवर पाटीच आहे : 'कुजबुज हेही बोलणेच आहे.' उरलेलं सगळं कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात, तेही तुमचा अर्ध्या तासाचा ब्रेक संपायच्या आत.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. भोर तालुक्यातल्या आमच्या घरात मोडी कागदांची एक पेटी आहे. इतिहासात एम.ए. करताना मोडी वाचायला शिकले आणि मग हाव सुटली, की ही अक्षरं संगणकाला ओळखता आली तर? मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, तेव्हा टाइप करण्यापुरता प्रश्न सुटला. पण जुन्या कागदावर शिरोरेषा आधीच ओढून घेतलेली असते, अक्षरं तिला एका दमात लटकवलेली, दोन शब्दांत फट म्हणून नाही. ते वाचायला मशीन लर्निंग हवं, म्हणजे संगणकाने उदाहरणांवरून शिकणं, आणि माझ्या हाती लागलेला प्रत्येक धडा त्यासाठी टेन्सरफ्लो ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरणारा. 'आधी लायब्ररी इन्स्टॉल करून घ्या' या एका ओळीने हे धडे सुरू होतात आणि पुढे निघून जातात. माझा मुक्काम त्या ओळीवरच पडला.

उबुंटूने, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमने, पहिल्याच कमांडला नाही म्हटलं. हे पायथॉन बाहेरून सांभाळलं जातं, इथे पिपने (पायथॉनच्या लायब्ररी बसवणाऱ्या कमांडने) काही बसवता येणार नाही. आणि त्याच संदेशात पुढे पळवाटही सांगितलेली : 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय जोडा. तुमची पहिली चिठ्ठी यावरचीच. 'पर्यायाच्या नावातच मोडतोड आहे. टाकू नका. वेगळं एन्व्हायर्नमेंट करा.' चहावर मग सविस्तर सांगितलंत. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथॉनवर चालतात. पिपने त्यात हात घातला, की एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलते आणि भलतंच काहीतरी बंद पडतं. म्हणून २०२३ पासून डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूने हे दार लावून घेतलं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे प्रकल्पापुरतं वेगळं फोल्डर, त्यात त्याच्या त्याच्या लायब्ररी. बिघडलं तर फोल्डर उडवायचं आणि नवं करायचं. ते करायला गेले तर आणखी एक एरर, कारण उबुंटूत या एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे व्हेन्व्हची, सोयसुद्धा आधी एपीटी या उबुंटूच्या स्वतःच्या कमांडने वेगळी बसवावी लागते! पण त्या एररमध्ये नेमकी कमांड लिहूनच दिली होती. 'असे एरर फ्रेम करून ठेवावेत,' असं तुम्ही म्हणाला होतात.

या सगळ्यात तुम्ही एकदाही माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला नाहीत. आभार मानायचे ते मुख्यतः याचे. याआधी माझ्या एका मावसभावाने हेच काम 'दे इकडे' म्हणून पाच मिनिटांत केलं होतं. भराभर कमांड मारल्या, चाललं म्हणाला आणि गेला. पुढच्या आठवड्यात बंद पडलं, तेव्हा त्याने काय केलं होतं ते त्यालाही आठवेना. तुम्ही मात्र हाताची घडी घालून बसायचात आणि विचारायचात, 'शेवटची ओळ काय म्हणते?' मी वाचून दाखवायचे. 'मग?' या 'मग'चा तेव्हा राग यायचा, आज सांगून टाकते.

शेवटची ओळ का, तेही तिथेच कळलं. पायथॉन ट्रेसबॅक, म्हणजे चुकीपर्यंत पोचलेल्या पावलांची यादी, छापतो त्यात सगळ्यात ताजी घटना तळाशी असते. काय बिनसलं ते तिथे, आणि कुठून कुठे जाता बिनसलं ते वर. पिपचा एरर मात्र उलटा निघाला. एक जुनं पॅकेज बसवताना पानभर लाल अक्षरं आली आणि तळाशी एवढंच, की हा दोष बहुधा पिपचा नाही. खरं कारण मधल्या गर्दीत दडलेलं : डिस्ट्यूटिल्स नावाचं मॉड्यूल सापडत नाही. ते पायथॉन ३.१२ मधून काढूनच टाकलंय, आणि पॅकेज त्याआधीच्या काळातलं. तुम्ही फक्त विचारलंत, 'याची खरंच गरज आहे?' नव्हती. तेच काम ओपनसीव्ही या चित्रांसाठीच्या लायब्ररीत होत होतं.

मग टेन्सरफ्लो एकदाचं बसलं. सुमारे ६०० एमबीचं ते धूड फोनच्या हॉटस्पॉटवर उतरवणं हा वेगळाच विषय, तो सोडते. तपासायला म्हणून इम्पोर्ट केलं, म्हणजे पायथॉनमध्ये उघडलं, आणि स्क्रीनभर ओळी. कूडा ड्रायव्हर (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठीचे) सापडले नाहीत, जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर, वापरला जाणार नाही. वनडीएनएन (गणित वेगाने करणारी लायब्ररी) चालू आहे, उत्तरं दशांशात किंचित वेगळी येऊ शकतात. प्रोसेसरच्या आणखी सूचना वापरायच्या असतील तर टेन्सरफ्लो पुन्हा बांधून घ्या. मला वाटलं, गेलं सगळं. तुम्ही पेन्सिलीने स्क्रीनवरच्या एकेका अक्षराकडे बोट दाखवलंत. प्रत्येक ओळीत वेळेच्या पुढे एकच इंग्रजी अक्षर असतं. आय म्हणजे नुसती माहिती, डब्ल्यू म्हणजे इशारा, ई म्हणजे एरर, एफ म्हणजे कारभार आटोपला. माझ्याकडे बहुतेक आय होते. लॅपटॉपला एनव्हिडियाचं कार्डच नाही, तर कूडा सापडणार कुठून? ते सापडत नाही एवढंच तो प्रामाणिकपणे सांगत होता.

'ई'च्या ओळी निघाल्या त्याही गमतीच्याच. सीयूडीएनएनची (कूडावर चालणाऱ्या आणखी एका लायब्ररीची) नोंदणी आधीच झालेली आहे, पुन्हा करता येत नाही, अशी तक्रार. अक्षर ई, पण कामावर परिणाम शून्य. टेन्सरफ्लोच्या त्या काळातल्या काही आवृत्त्यांमध्ये ती ओळ कित्येकांना दिसायची. मी चिडून विचारलं, की मग अक्षरावर तरी विश्वास ठेवायचा का नाही? तुमचं उत्तर चिठ्ठीत आहे : 'ओळीनंतर प्रोग्रॅम थांबला का ते बघा. थांबला नसेल तर दोन आकड्यांची बेरीज करून बघा. उत्तर आलं तर पुढे चला.' बेरीज आली. या ओळी गप्प करायचं सेटिंगही असतं, शून्य ते तीन. ते तुम्ही सांगितलंत खरं, पण पहिला महिना वापरू नका अशी अट घालून. ती अट मला आजही पटलेली आहे. तीनवर ठेवलं तर खरे एररही दिसेनासे होतात, आणि कितीतरी धड्यांत ही ओळ सर्रास सगळ्यात वर चिकटवलेली असते.

नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं प्रकरण तुम्ही जायच्या थोडं आधीचं. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं, आणि माझ्याकडचं चित्रांवर काम करणारं एक पॅकेज जुन्या १.x वर बांधलेलं. दोघांचं जमेना. उपाय संदेशातच होता, दोनच्या खालचं नमपाय घ्या. तुम्ही त्यात एकच भर घातलीत, की तो मजकूर अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर टर्मिनल 'पेक्षा कमी'चं चिन्ह वेगळ्या अर्थाने घेईल आणि '२' नावाची फाइल शोधत बसेल. असलं ज्ञान कुठल्या धड्यात मिळायचं?

शेवटचं चिंचवडच्या आत्याकडच्या डेस्कटॉपचं. तिथे रात्रभर मॉडेल शिकत ठेवावं असा बेत होता. इन्स्टॉल विनातक्रार झालं. इम्पोर्ट केलं तर ट्रेसबॅक नाही, अक्षरं नाहीत, नुसतं 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' आणि प्रोग्रॅम मेला. वाचायला शेवटची ओळच नाही म्हटल्यावर मी हातच टेकले होते. तुम्ही एकच विचारलंत, 'प्रोसेसर कोणता?' जुना पेंटियम. तुम्ही हसलात.

टेन्सरफ्लोच्या तयार फाइली २०१८ पासून, म्हणजे १.६ आवृत्तीपासून, एव्हीएक्स नावाच्या प्रोसेसरमधल्या सूचना गृहीत धरतात. इंटेलने त्या २०११ मध्ये कोअर मालिकेत आणल्या, पण पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये पुढे कित्येक वर्षं दिल्याच नाहीत. पायथॉनला तक्रार करायलाही सवड मिळत नाही, त्याच्या आधी प्रोसेसरच हात वर करतो. एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड चालवून फ्लॅग्जच्या यादीत एव्हीएक्स शोधायला सांगितलंत. नव्हतं. 'सोर्सपासून बांधता येईल, पण या मशीनवर ते करण्यात तुमची दिवाळी जाईल,' म्हणालात. त्यामुळे जड काम कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गूगलच्या मशीनवर, गेलं आणि डेस्कटॉपवर सायकिट-लर्न ही हलकी लायब्ररी आली. त्यात शिकण्यासाठी हाताने लिहिलेल्या आकड्यांची १७९७ छोटी चित्रं दिलेलीच असतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं. आधी त्यावर सराव केला, मग तसाच संच मोडी अंकांचा बनवायला घेतला. अंक बरे ओळखतंय. अक्षरांत 'ग' आणि 'म' अजून भांडतायत. त्यांच्याबद्दल तुम्हाला दोष देता येत नाही.

सगळ्या लायब्ररींच्या आवृत्त्या पिप फ्रीझने एका फाइलीत लिहून ठेवल्यात, तुम्ही सांगितलं तशा. भाऊबीजेला मावसभाऊ आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर त्याच फाइलीवरून सगळं त्याच्याच हाताने बसवून घेतलं. मी हाताची घडी घालून बसले होते, आणि हो, 'मग?' असंही विचारलं. तो चिडला.

मुख्य परीक्षेसाठी मनापासून शुभेच्छा. आणि एक निरोप : तुमच्या लॉकरला अजून तुमचंच कुलूप आहे. व्यवस्थापक काका महिनाअखेरीला ते तोडणार म्हणतात. किल्ली घेऊन या, चहा माझ्याकडून.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची मोडीवाली