ब्रिजटाऊनच्या टॅक्सीवाल्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. "माझं नाव कुठे टाकू नका, मी काही विशेष केलेलं नाही," असं तुम्ही निघताना बजावलं होतंत. नावाचं ऐकलं. "विशेष काही केलं नाही" हे मात्र मला मुळीच मान्य नाही. तुम्हाला इंग्रजीतून वेगळं पत्र पाठवलंच आहे. हे मराठीत लिहितेय ते बाबांच्या आग्रहाखातर. नाशिकच्या त्यांच्या मित्रांनी, आमच्या सगळ्या गोतावळ्याने हे वाचावं असं त्यांना फार वाटतं.

खरं तर त्या दिवशी आम्ही बार्बाडोसला येणारच नव्हतो. आमच्या कॅरिबियन जहाजसफरीच्या कार्यक्रमात बेक्वे बेट होतं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. आदल्या संध्याकाळी कॅप्टननी जाहीर केलं की समुद्राला उसळी फार आहे, बोटी उतरवणं धोक्याचं आहे, म्हणून बेक्वे रद्द आणि त्याऐवजी बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊन. जेवणाच्या हॉलमध्ये बरेच जण हिरमुसले. आमच्या टेबलावर बाबांनी हातातला चमचा खाली ठेवला. "ब्रिजटाऊन? केन्सिंग्टन ओव्हलचं ब्रिजटाऊन?"

ते ८१ वर्षांचे आहेत. चार पावलं काठीने चालतात, त्यापुढे व्हीलचेअर लागते. आईला आणि त्यांना नाशिकहून माझ्याकडे न्यू जर्सीला आणलं, तेव्हाच हा समुद्रप्रवास ठरला होता. त्यात त्यांनी स्वतःहून काहीच मागितलं नव्हतं. त्या रात्री मात्र त्यांना झोप नव्हती. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, त्या मालिकेतली चौथी कसोटी याच मैदानावर झाली. सहा विकेट स्वस्तात गेल्यावर मडगावचे सरदेसाई आणि मुंबईचा सोलकर उभे राहिले. सरदेसाईंनी १५० काढल्या. दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७, सामना वाचला. हे सगळं बाबांनी आम्हाला परत एकदा ऐकवलं. सकाळी गँगवेवरून व्हीलचेअर उतरवून देणाऱ्या गोव्याच्या खलाशी मुलालाही ऐकवलं. सरदेसाई आपल्या मडगावचे म्हटल्यावर त्या पोराची छाती फुगली. त्यानेच सांगितलं, "बाबा, ओव्हल बंदरापासून लांब नाही, नक्की बघून या."

आता ज्यांचं ते कामच होतं, त्यांचं सांगते. जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवर मी रात्रीच गेले होते. व्हीलचेअर चढेल अशी गाडी नाही, असं कॉम्प्युटरमधून मान वर न करता सांगण्यात आलं. दुसरी कुठून मिळेल का, तर "बाहेर बघा." बाहेर बंदरावर पाटी धरून उभ्या असलेल्या एका सहलवाल्याने सगळं कबूल केलं, शहर, ओव्हल, व्हीलचेअर, परतीची वेळ. आगाऊ पैसे घेतले आणि आम्हाला इतर प्रवाशांबरोबर नेलं थेट पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बीचवर. ओव्हलची गाडी अर्ध्या तासात येईल म्हणाला. बाबांची खुर्ची वाळूत रुतली, तेव्हा त्यानेच ती ओढत एका झाडाच्या सावलीला नेऊन ठेवली आणि निघून गेला. गाडी आली नाही. पावतीवरचा फोन बंद. सूर्य डोक्यावर आला, आईला भोवळ आल्यासारखं व्हायला लागलं. बाबा एव्हाना ओव्हलचं नाव काढेनासे झाले होते. ते मला सर्वांत जास्त लागलं. माझे बाबा गप्प बसणारे नाहीत.

तेवढ्यात तुम्ही धावत आलात. रस्त्यापलीकडे टॅक्सीत बसून जेवत होतात, हे मागाहून कळलं. हातवारे करत ओरडत होतात, "तिथे नको! त्या झाडाखाली नको!" आम्ही घाबरून बघत राहिलो. तुम्ही खुर्चीचे दांडे धरलेत, मी पुढून उचललं आणि बाबांना बाहेर काढलं. मग तुम्ही खोडावरचा तांबड्या रंगाचा पट्टा दाखवलात. ते मँचिनीलचं झाड. फळं लहान हिरव्या सफरचंदासारखी, गोजिरवाणी, आणि विषारी. त्याचा चीक अंगाला लागला तर आपल्याकडे बिब्बा उततो तसे फोड येतात. पाऊस पडत असताना त्याखाली नुसतं उभं राहिलं, तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. तांबडा पट्टा म्हणजे लांब राहा. हे तिथल्या लहान मुलांना ठाऊक असतं. पैसे घेऊन गेलेल्या त्या माणसाला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मग तुम्ही बाबांच्या समोर येऊन वाकलात आणि त्यांना म्हणालात, "गुड आफ्टरनून, सर." आधी त्यांना, मग आईला, मग मला. तुमच्याकडे दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना आधी असं म्हटल्याशिवाय कोणी बोलायला सुरुवात करत नाही, हे दिवसभरात दिसलंच. पण व्हीलचेअरमधल्या माणसाचं काय होतं ते मी रोज बघते. लोक त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात. "यांना उभं राहता येतं का?" "यांना काय हवंय?" काउंटरवरही तेच आणि बंदरावरही तेच झालं होतं. तुम्ही बाबांनाच विचारलंत, "कुठे जायचं होतं तुम्हाला?"

ते म्हणाले, "केन्सिंग्टन ओव्हल."

"मग जाऊ या की."

पण तुम्ही लगेच निघाला नाहीत. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते इथे आलं. बाबांच्या सँडलमध्ये वाळू भरली होती. तुमचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं आणि तुम्ही विचारलंत, "शुगर आहे?" मी हो म्हटलं. जुना डायबेटिस, तळव्यांना काही कळत नाही. तुम्ही डिकीतून पाण्याचा कॅन आणि एक धुतलेला पंचा आणलात आणि सरळ रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलात. बाबा पाय मागे घ्यायला लागले. "अहो, नको, नको," मराठीतच. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पायांना लोक हात लावतात तो नमस्कारापुरता. परक्या बाईने आपले पाय धुवावेत, हे त्यांना सोसेना. तुम्ही शांतपणे त्यांची टाच तळहातावर घेतलीत आणि पाणी ओतायला सुरुवात केलीत. एकेक बोट वेगळं करून मधली वाळू काढलीत, पंच्याच्या टोकाने प्रत्येक बेचकी कोरडी केलीत. अंगठ्याने टाच दाबून पाहिलीत. मग सँडल उलटे करून झाडलेत आणि आत पट्ट्याखालून बोट फिरवलंत. डाव्या सँडलमध्ये शिंपल्याचा एक कपचा निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात.

हे सगळं करता करताच तुम्ही सांगितलंत की तुमच्या आईचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सुरुवात अशाच एका बारीक जखमेपासून झाली होती, जी कोणी पाहिलीच नव्हती. सांगताना तुमचा आवाज चढला नाही की पडला नाही. हात चालूच होते. आई माझ्यामागे उभी राहून डोळे पुसत होती, ते तुम्ही पाहिलं नसेल.

बाबांचे पाय आज ठणठणीत आहेत. पण तो कपचा संध्याकाळपर्यंत टाचेखाली राहिला असता तर काय झालं असतं, हे डायबेटिस असलेल्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

ओव्हलवर त्या दिवशी सामना नव्हता, फाटक बंद होतं. पहारेकऱ्याशी तुम्ही काय बोललात ते मला कळलं नाही, तुमची बोली माझ्या कानाला फार भरभर वाटते. पण त्याने बाबांकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला आत घेतलं. बाहेर क्रिकेटपटू सोबर्सचा पुतळा, आत हिरवं मैदान, आणि एका स्टँडवर इथल्या दोन वेगवान गोलंदाजांचं नाव, हॉल आणि ग्रिफिथ. ते वाचून बाबा थांबले. मग तुम्हाला त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत तुमच्यापर्यंत किती पोचलं कोण जाणे, म्हणून इथे नीट लिहिते.

मार्च १९६२. बाबा मॅट्रिकला होते. आपला संघ इथे बार्बाडोसविरुद्ध खेळत होता. ग्रिफिथचा चेंडू आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, जगतात की नाही अशी वेळ आली. रक्त हवं होतं. रक्त देणाऱ्यांत पुण्याचे चंदू बोर्डे होते, आमच्या नाशिकचे बापू नाडकर्णी होते, पॉली उम्रीगर होते. आणि समोरच्या बाजूचे, वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेलही होते. पेपरात ते वाचलं तेव्हापासून वॉरेल हे नाव बाबांच्या देवघरात आहे म्हटलं तरी चालेल. कोलकात्यात दर ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान होतं. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, २१ वर्षांच्या पतौडींकडे कप्तानपद आलं.

तुम्ही वॉरेलना पाच डॉलरच्या नोटेवरून ओळखत होतात, रक्ताची गोष्ट तुम्हाला नवी होती. तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि तो माणूस वाचला का?"

बाबा म्हणाले, "वाचला. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये मुंबईत काढली. साठ वर्षांनी."

तुम्ही हसलात, आणि तुम्हाला जून २०२४ चा टी-२० विश्वचषकाचा तो अंतिम सामना आठवला. निळ्या जर्सीवाली किती माणसं तुमच्या टॅक्सीतून ओव्हलवर गेली, आणि जिंकल्यावर बेरिल वादळामुळे आपला संघच ब्रिजटाऊनमध्ये कसा अडकून पडला, ते तुम्ही रंगवून सांगितलंत. त्याच वादळात तुमच्या भावाची मासेमारीची बोट फुटली, हे मात्र एका वाक्यात उरकलंत.

परत बंदरावर आल्यावर तुम्ही सरकारी दरपत्रक काढून दाखवलंत आणि तेवढेच पैसे घेतलेत. थांबण्याचे नाहीत, वाट वाकडी केल्याचे नाहीत. मी जास्त देऊ केले तर तुम्ही माझी मूठ मिटलीत. तुमचं अर्धं राहिलेलं जेवण पुढच्या सीटवर डब्यात तसंच होतं.

नंतर जहाज कंपनीची ईमेल आली, तुमचा दिवस कसा गेला म्हणून. मी सविस्तर उत्तर लिहिलं. पुढच्या प्रवासात थोडी सूट मिळेल असं कळवण्यात आलं. मला सूट नको आहे. त्या काउंटरवरच्या माणसाने एकदा मान वर करून बाबांकडे पाहिलं असतं, "गुड इव्हनिंग, सर" एवढं म्हटलं असतं, तर गाडी नसतानाही मला राग आला नसता. चांगुलपणाला गाडी लागत नाही, बजेट लागत नाही. समोर बसलेला माणूस माणूस म्हणून दिसावा लागतो. वॉरेलना तो दिसला, तुम्हाला दिसला, त्या गोव्याच्या पोराला दिसला. जगात अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या मुली म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन घराबाहेर पडायची हिंमत करतात. ज्यांना दिसत नाही त्यांनी निदान प्रवाशांची सेवा करतो असं पाटीवर लिहू नये.

आता बाबांचं एक काम. आमच्याकडे डायबेटिसवाल्यांसाठी एमसीआर चप्पल मिळते, आत मऊ रबर असतं, पायाला घासत नाही. बाबा ती घरात आणि बाहेर दोन्हीकडे वापरतात. नाशिकला त्यांच्या नेहमीच्या चप्पलवाल्याशी त्यांचं बोलणं झालं आहे. तुमच्या आईचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ ओढा आणि त्याचा फोटो पाठवा. टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहा, आणि पाय डावा की उजवा तेही कळवा. बाबा म्हणतात, एकाच पायाच्या दोन करून घेऊ, एक धुवायला टाकली तर दुसरी हाताशी राहील.

तुमच्या आईला आम्हा तिघांचा नमस्कार सांगा.

तुमची,
नाशिकच्या बाबांची मुलगी