हिमाचलातली गळाची सहल: मे नको, दसरा गाठा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गळ टाकणाऱ्या तरुण मंडळींत अलीकडे एक बेत वारंवार ऐकू येतो. गाडी काढायची, थेट हिमाचल गाठायचे, नदीकाठी तंबू ठोकायचा आणि थंड पाण्यातला ट्राउट मासा पकडायचा. बेत उत्तम आहे. पण तो बहुधा मे महिन्याचा असतो आणि दहा दिवसांत पाच-सहा नद्या उरकायच्या असतात. या दोन्ही गोष्टींनी सहल फसते. ती का फसते आणि कशी जमवावी, हे सविस्तर लिहीत आहोत. कृपया जागा द्यावी.

मे महिन्यात आपल्याकडे मलप्रभा आटलेली असते. हिमाचलात नेमके उलटे घडते. वरचे बर्फ वितळत असते आणि नद्या फुगलेल्या असतात. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी काही तासांनी खाली पोहोचते, तेव्हा सकाळी स्वच्छ दिसलेली नदी संध्याकाळपर्यंत राखाडी होते. गढूळ पाण्यात ट्राउटला स्पिनर (गरगर फिरणाऱ्या पात्याचे खोटे आमिष) दिसत नाही, आणि तो काठाच्या दगडांमागे दबून बसतो. म्हणून मे महिन्यात पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जे मिळेल तेच हाताशी लागते. आपली मंडळी रात्रभर गाडी हाकून दुपारी नदीवर पोहोचतात आणि हात हलवत परत येतात, त्याचे कारण हेच. जुलै-ऑगस्टचा तर विचारच नको. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुल्लू-मंडी पट्ट्यात रस्ते आणि पूल कसे नेले, हे सर्वांनी पाहिले आहे.

खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पाणी खाली उतरलेले, काचेसारखे. आणि इथे सीमाभागातल्या कुटुंबांना एक सोय आपसूक मिळते. आपल्या मराठी शाळांनाही सुट्टी कर्नाटकाच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळते, म्हणजे मोठी सुट्टी दसऱ्याला. कोल्हापूर-पुण्याच्या मंडळींना दिवाळीपर्यंत थांबावे लागते, आणि दिवाळी पुष्कळदा नोव्हेंबरात जाते. हिमाचलच्या ट्राउट नद्यांवर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण थंडीत ट्राउट अंडी घालतो. बंदीच्या काळात गळ टाकणे हा गुन्हा आहे. म्हणून दिवाळीचे बेत आखणाऱ्यांनी आधी तारीख पाहावी.

ऑक्टोबरच्या शेवटी आणखी एक काळजी घ्यावी. उथळ पाण्यात गोट्यांचा एखादा पट्टा आजूबाजूच्या शेवाळी दगडांपेक्षा उजळ, घासून काढल्यासारखा दिसला, तर ते ट्राउटने शेपटीने साफ केलेले अंड्यांचे घरटे असते. त्यावरून चालू नये. पोट फुगलेली मादी मिळाली तर सोडून द्यावी.

आता मुक्कामांचा हिशेब. नकाशावर १४० किलोमीटर दिसले की आपण महामार्गाच्या सवयीने अडीच तास धरतो. डोंगरातल्या आतल्या रस्त्यांवर तासाला २०-२५ किलोमीटरच पदरात पडतात. शिवाय प्रत्येक मुक्काम हलवताना तंबू वाळवणे, सामान बांधणे, नवीन जागा शोधणे, परवाना काढणे यात एक दिवस जातो. पाच मुक्काम म्हणजे पाच दिवस पाण्याबाहेर. नवे पाणी कळायलाही एक दिवस लागतो. त्यामुळे दोन आठवड्यांत दोनच नद्या धराव्यात, प्रत्येकीला किमान तीन रात्री. आमच्या मते पहिली ऊहल, बारोटला, आणि दुसरी तीर्थन, बंजारजवळ. अठरा दिवस असतील तर जलोरी खिंड ओलांडून नारकंडामार्गे रोहडूला पब्बर नदीवर तिसरा मुक्काम जोडता येतो. पंचेश्वरचा महासीर मासा याच सहलीत कोंबू नये. तो नेपाळच्या सीमेवर, उत्तराखंडच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्याचे पाणी, सामान, पद्धत सगळे वेगळे.

बेळगावहून स्वतःची गाडी नेण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. दिल्लीपर्यंतच सतराशेहून अधिक किलोमीटर होतात. दिवसाला ५०० धरले तरी जाऊन-येऊन आठ दिवस रस्त्यावर, आणि घाट सुरू होतो तेव्हा चालक थकलेला. त्यापेक्षा गोवा एक्स्प्रेस बेळगावला संध्याकाळी मिळते आणि दोन रात्री काढून निजामुद्दीनला सोडते. तिथून किंवा चंदीगडहून भाड्याची गाडी घ्यावी, शक्यतो पहाडी चालकासह. स्वतः चालवणार असाल तर उतारावर दुसऱ्या, गरज पडल्यास पहिल्या गिअरमध्येच उतरावे. सतत ब्रेक दाबला की तो तापतो, जळका वास येतो आणि मग पाय दाबूनही गाडी थांबत नाही. जलोरीच्या दोन्ही बाजूंचा चढ इतका तीव्र आहे की भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्येच चढते. टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यावी.

रेल्वेत काठ्या मोडतात अशी भीती असते. नळाच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यावा. सात फुटी दोन तुकड्यांच्या काठीला ११५ सेंटीमीटर पुरतो. एका टोकाला टोपण चिकटवावे, दुसरे तसेच बसवावे, आत जुने टॉवेल. दोन काठ्या त्यात बसतात आणि पाइप बाकाखाली सरकतो. स्टोव्हची गॅसची डबी, रॉकेल, पेट्रोल मात्र रेल्वेत नेण्यास मनाई आहे. डबी चंदीगडला घ्यावी आणि घेताना ब्युटेनमध्ये प्रोपेन मिसळलेला आहे ना, हे पाहावे. नुसत्या ब्युटेनचा शून्य अंशाच्या आसपास वायू होत नाही, आणि वापरताना डबी स्वतःच गार पडत जाते. थंड पहाटे चहाला आच मिळत नाही ती त्यामुळे.

बारोटला जाताना मंडीहून पठाणकोटच्या रस्त्याने पधर, मग घटासनीला वळावे. शानन वीजप्रकल्पासाठी ब्रिटिश काळात ऊहल अडवली, तेच हे बारोट. जलाशयातला गाळ काढायला पाणी सोडतात तेव्हा खालचा भाग गढूळ होतो. अशा वेळी वरच्या अंगाला किंवा लंबाडुग ओढ्यावर जावे. पलीकडचे जंगल नरगू अभयारण्याचे आहे, म्हणून हद्द विचारूनच गळ टाकावा. परवाना दिवसाचा असतो आणि तो मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात, हे त्याच वेळी विचारून लिहून घ्यावे.

तीर्थनला जाताना मंडीहून कुल्लूच्या रस्त्याला लागावे आणि औटच्या बोगद्यात शिरण्याआधीच लारजीकडे वळावे. बोगद्यात शिरलात की वळण चुकले. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो, तेव्हा त्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. बारोट आधी ठेवावे आणि औटचा टप्पा भल्या पहाटे ओलांडावा. बंजारच्या पुढे गुशैनीपर्यंत नदी रस्त्याला लागून आहे. त्याच्या वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. तिथे गळ चालत नाही.

लारजीचे नाव आले म्हणून सांगणे भाग आहे. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि खाली थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पात्र तेव्हा कोरडे आणि शांत होते. आपल्याकडे हिडकल धरणाच्या खाली उन्हाळ्यात पात्रात उतरण्याची सवय असते, ती सवय तिथे जीव घेते. धरणाच्या खालच्या बाजूला पात्रातल्या खडकावर किंवा वाळूवर तंबू लावू नये. काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा पाहावा, तो मागच्या पुराची रेघ दाखवतो. तंबू त्या रेघेच्या वर. भोंगा ऐकू आला किंवा पाणी बोटभर जरी चढले, रंग बदलला, तर सामान तिथेच सोडून वर चढावे.

सामानाबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे घरची काठी तशीच उचलून नेणे. मलप्रभेवर आपण जाड तंगूस (गळाचा नायलॉन दोरा), ४०-५० ग्रॅम शिसे आणि कणकेचा गोळा लावून एका डोहावर दिवसभर बसतो. खडस माशाला ते ठीक. ट्राउटच्या पाण्यात जड शिसे पहिल्याच फेकीत दोन धोंड्यांमध्ये अडकते आणि जाड तंगूस नितळ पाण्यात दोरखंडासारखा दिसतो. तिथे काठी सहा ते सात फुटांची, २ ते १० ग्रॅम वजन फेकणारी हवी. रीळ लहान, २००० मापाचे. तंगूस ०.२० मिलिमीटर. स्पिनर ३ ते ६ ग्रॅमचे, चंदेरी आणि पितळी दोन्ही, माणशी दहा-बारा, कारण रोज दोन-तीन दगडांना वाहावेच लागतात. स्पिनर गरगरतो आणि तंगुसाला पीळ पडतो, म्हणून पुढे छोटी फिरकी कडी बांधावी. स्पिनरचा तीन तोंडांचा गळ काढून एकेरी लावावा आणि त्याच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. मासा सुटेल अशी शंका येते, पण तंगूस ताणलेला ठेवला तर सुटत नाही, आणि सोडायचा झाला तर जबडा न फाडता क्षणात सुटतो. गांडूळ किंवा गोळा लावला की ट्राउट तो खोल गिळतो आणि सोडल्यावरही पुष्कळदा मरतो.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे आपण खालच्या अंगाने वर सरकत जावे, स्पिनर वर फेकावा आणि प्रवाहापेक्षा किंचित वेगाने ओढावा. प्रवाहापेक्षा हळू ओढला तर पाते फिरत नाही आणि स्पिनर तळाला बसतो. फेकायची जागा म्हणजे धोंड्याच्या मागची शांत पट्टी, वेगवान आणि संथ पाणी जिथे घासते ती रेघ, आणि डोहाचे शेपूट, म्हणजे डोह उथळ होत संपतो ती जागा. एका जागी पाच-सहा फेकी झाल्या आणि हालचाल नाही, तर पुढे चालावे. भडक शर्ट नको, पाण्यावर सावली नको. हे सगळे निघण्याआधी घरच्या अंगणात शिकता येते. पंधरा मीटरवर परात ठेवावी, गळ काढलेला स्पिनर बांधावा आणि दहापैकी सात फेकी परातीत पडेपर्यंत सराव करावा.

मासा सोडताना हात ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मागाहून बुरशी लागते. खायला ट्राउट हवा असेल तर तिथल्या मत्स्यशेतीत तो विकत मिळतो. नदीतला नदीतच राहू द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पायांत गमबूट नकोत. दगडांवर घसरतात आणि आत पाणी भरले की पाय उचलत नाहीत. चांगल्या पकडीचे बूट घालून काठावरूनच फेकावे. एका नदीवरून दुसरीवर जाताना शेवाळ आणि परजीवी बुटांच्या तळव्यातून प्रवास करतात. बूट पूर्ण वाळल्यावर आणखी ४८ तास कोरडे राहिले तर धोका टळतो, पण सहलीत तेवढा वेळ नसतो. म्हणून १० लिटर पाण्यात अर्धा लिटर भांडी धुण्याचा द्रव घालून बूट आणि जाळी घासावी, किमान एक मिनिट भिजत ठेवावी आणि ते पाणी नदीपासून दूर ओतावे.

मुक्कामाचे थोडक्यात सांगतो. बारोट १८०० मीटरच्या वर आहे, पाणी तिथे ९४ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही, तीन लिटरचा कुकर न्यावा किंवा मुगावर भागवावे. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पंधरवडाभर टिकते, दुपारच्या जेवणाला याहून सोयीचे काही नाही. झोपण्याची पिशवी शून्य ते पाच अंशांना उबदार राहील अशी घ्यावी. अन्न आणि माशांचा घाण-कचरा तंबूत ठेवू नये, त्या जंगलात काळे अस्वल आहे. चिडाच्या झाडांखाली सुयांचा थर असतो, तिथे शेकोटी अजिबात नको.

घराजवळचेही सांगून ठेवतो. सरावासाठी म्हणून भीमगड अभयारण्यात किंवा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ टाकू नये. वन्यजीव कायद्याखाली कावेरी अभयारण्यातली प्रसिद्ध महासीर शिबिरेसुद्धा बंद झाली आहेत.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. दसऱ्याची तारीख पाहून मागे मोजले तर ते बहुधा ऑगस्टमध्ये येते. परतीचे तिकीटही त्याच सुमारास पाहावे, कारण दिवाळीच्या तोंडावर दिल्लीहून दक्षिणेकडे जागा मिळत नाही.

कळावे,
आपले,
गळावर मासे धरणारे काही वाचक, बेळगाव आणि खानापूर