गोळी बंद केल्यावर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "आठवडाभर गोळी घेतली नाही, काहीसुद्धा झालं नाही." मी गप्प झाले ती रागाने नव्हे. पत्रात औषधाचा विषय काढायचाच नाही असं ठरवलं होतं, पण आधी तेच लिहिते.

काही झालं नाही, कारण तुझे हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी ती गोळी, अमिओडॅरोन, आठवड्याभरात अंगातून जात नाही. ते चरबीत, यकृतात, फुप्फुसांत साठून राहतं आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने काम करत असतं. तुझे ठोके अजून त्या साठ्यावरच नीट पडताहेत. तो संपला की हृदयाची फडफड पुन्हा सुरू होऊ शकते.

आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी? तीही सोडलीस का? ॲपिक्साबान एक-दोन दिवसांतच उतरतं, मग गुठळीची भीती. हे फोनवर विचारायचा धीर झाला नाही.

मी नर्स होते तेव्हा वॉर्डात बरं वाटू लागलेल्या पेशंटच्या उशीखाली गोळ्या सापडायच्या. तू शाळेतून थेट वॉर्डात यायचास, माझं घड्याळ हातात घेऊन नाडी मोजायचास. पंधरा सेकंद मोजून चौपट करायला निघालास की मी म्हणायचे, ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिट. आताही तसंच मोज, रोज एकाच वेळी, बसून. आम्ही नाडी ६०च्या खाली गेली की डॉक्टरांना कळवायचो. तुझा आकडा तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. चक्कर आली, शुद्ध हरपली, तर मात्र कोणालाही विचारत बसू नकोस, सरळ इमर्जन्सीत जा. दुसऱ्या कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर आधी ही औषधं सांग, काहींचं यांच्याशी जमत नाही.

पुन्हा सिस्टरसारखी बोलायला लागले. माफ कर. तुझं वय मला कळतं रे. दवाखान्यात तू स्वतःच सगळी लक्षणं न लाजता सांगितलीस, तेव्हा फार अभिमान वाटला होता.

म्हणूनच विचारते, काही त्रास होत होता म्हणून सोडलीस का? कोरडा खोकला, दम लागणं, उन्हात कातडी भाजणं, दिव्याभोवती वलय दिसणं? या औषधाने हे सगळं होऊ शकतं. थायरॉईड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची ती त्यासाठीच. तसं असेल तर डॉक्टर डोस कमी करतील, औषध बदलतील. पण ते त्यांनी ठरवायचं. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन घेऊ नकोस, हेही आत्ताच सांगते.

पत्र वाचलंस की डॉक्टरांना फोन कर आणि कुठली गोळी कोणत्या दिवसापासून बंद आहे ते खरं सांग. मधूआत्याला मी काही बोललेले नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझी,
आई