बंड्या, गोलघुमटात शेवटी ऐकू आलं

प्रिय बंड्या,

परवा फोनवर सांगायला घेतलं तर तू म्हणालास मीटिंग आहे नंतर बोलू, आणि तुझं नंतर मला चांगलं माहितीये बे, म्हणून लिहूनच टाकतो. आधी एक कबुली. आठवीत आपली विजापूरची ट्रिप गेली तेव्हा तू कावीळ झाली म्हणून घरी उसाचा रस पीत बसला होतास, आणि मी आल्यावर तुला सांगितलं होतं की गोलघुमटात या बाजूला कुजबुजलं की त्या बाजूला ऐकू येतं, मी स्वतः ऐकलं. साफ खोटं होतं ते. दोन वर्गांची पोरं एकदम कोकलत होती, कोण शिट्ट्या मारतंय कोण गावाचं नाव घेऊन ओरडतंय, त्यात पीटीच्या सरांनी एकाला धपाटा घातला तेवढाच आवाज नीट घुमला. पण तू असा काही तोंड करून विचारत होतास की काहीच ऐकू आलं नाही असं सांगायचं जिवावर आलं.

तर ते ऋण फेडायला म्हण, गेल्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. सोलापुरातून शंभरेक किलोमीटर, भीमा ओलांडली की बोर्ड कानडीत सुरू, बाकी ज्वारी तीच, माती तीच, उन्हाचा चटकाही तोच. रात्री लॉजवर पडलो (गादीबद्दल बोलत नाही, पाठ अजून बोलतीये) आणि सकाळी गेट उघडल्या उघडल्या आत. पुढं नगारखान्यात म्युझियम आहे, ते परतताना बघू म्हणलं आणि अर्थात राहिलं. कोपऱ्याच्या मनोऱ्यातून सात मजले चढायचे, जिना असला अरुंद की वरून कोण उतरत असेल तर भिंतीला चिकटून उभं राहायचं, आणि माझी ढेरी तुला माहितीये. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे, तिथं बायको एका टोकाला भिंतीला टेकून बसली, मी बरोब्बर समोर, मधे साधारण 37 मीटरची पोकळी आणि खाली मुहम्मद आदिलशहाची कबर. तिथं पोचेपर्यंत आमच्याशिवाय एक म्हातारा वॉचमन आणि कबुतरं. मी भिंतीला कान लावला आणि पाठीमागं कोणीतरी उभं राहून बोलावं असं स्वच्छ ऐकू आलं, "गॅसचा कॉक बंद केला होता ना?"

बंड्या, खरं सांगतो, अंगावर काटा आला. गॅसमुळं पण आला थोडा. नंतर मी एक टाळी वाजवली, सात वेळा मोजली, पुढचं पुसट होत गेलं. पंधराच मिनिटं मिळाली ती शांतता, मग कुठल्याशा शाळेची ट्रिप वर आली आणि सगळं आपल्या आठवीसारखं.

एवढा मोठा घुमट, बाहेरून व्यास 44 मीटर, आणि खाली हॉलमधे एक खांब नाही. सगळं वजन कमानींवर. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवले की आठ टोकांचा तारा होतो बघ, तशा कमानी एकमेकींतून गेलेल्या आहेत, त्यांनी चौकोनी खोली वर जाता जाता गोल करून टाकलीये. बांधणारा याकूत नावाचा, दाभोळचा, म्हणजे आपल्या कोकणातला! आणि खाली दिसते ती कबर नुसती वरवरची, खरी तळघरात.

मग इब्राहिम रोझा. हे मला गोलघुमटापेक्षा जास्त आवडलं, तू मला मूर्ख म्हण. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक कबर एक मशीद, मधे हौद. खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत, जवळ गेलं की कळतं नुसती नक्षी नाहीये, अक्षरं आहेत, दगडात अक्षर कोरून भोवतीचा दगड काढून टाकलाय आणि उजेड अक्षरांच्या मधून आत येतो. मी एका अक्षराच्या वळणावरून बोट फिरवलं, काठ अजून धारदार आहे, चारशे वर्षं झाली. (हात लावायचा नसतो, कळलं मला नंतर.) ही कबर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची, राज्य 1580 ते 1627, नऊ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि कारभार चुलतीनं बघितला, ती चुलती म्हणजे चांदबिबी, आपल्या नगरची लेक. हा माणूस गाण्याचा वेडा. स्वतः दख्खनीत पदं रचली, किताब-ए-नवरस म्हणून, सुरुवातीलाच सरस्वतीला नमन, आणि आपल्या तंबोऱ्याला नाव ठेवलं होतं मोतीखान! आपल्याला चौथीच्या पुस्तकात विजापूर म्हणजे अफझलखानानं विडा उचलला तो दरबार एवढंच. ते खरंच आहे, पण त्याच दरबारात दोन पिढ्या आधी एक जण तंबोऱ्याला लाडानं हाक मारत बसला होता हे कुणी सांगितलंच नाही की बे.

दुपारी मुलूखमैदान तोफ. आपल्याकडं निवडणुकीत प्रत्येक पक्षाची एक असते, ही ओरिजिनल. 1549 मधे नगरला ओतलेली, नंतर परंड्याच्या किल्ल्यात होती, तिथून 1632 मधे आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं इथं आणली. 55 टन धूड बैलगाड्यांच्या जमान्यात परंड्याहून विजापूर, विचार कर, आपल्याला फ्रिज दुसऱ्या मजल्यावर न्यायला चार माणसं लागली होती. तोंडाशी जबडा उघडलेलं जनावर आणि त्याच्या दातात हत्ती. 1854 मधे इंग्रजांनी ती भंगारात दीडशे रुपयांना लिलावात काढली होती, नशीब नंतर कुणाला तरी सुचलं आणि सौदा रद्द केला.

संध्याकाळी बारा कमान. अली आदिलशहा दुसरा याची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या काळ्या कमानी आकाशाला उघड्या. तिथल्या एका गाईडनं रंगवून सांगितलं की याची सावली गोलघुमटावर पडेल म्हणून बापानं, म्हणजे गोलघुमटातल्या मुहम्मदानं, पोराला मारलं. मी म्हणलं काका, बाप 1656 ला गेला आणि पोरगं त्याच्यानंतर गादीवर बसून 1672 पर्यंत होतं, मग मारलं कधी? तो अजिबात डगमगला नाही, म्हणाला साहेब, टुरिस्टला हेच आवडतं. मी गप्प बसलो. आठवीत मी तरी वेगळं काय केलं होतं?

साठ कबर पण बघितली, गावाबाहेर. मोहिमेवर निघायच्या आधी अफझलखानानं आपल्या बायकांना मारलं अशी दंतकथा आहे, खरं-खोटं देव जाणे. एकसारख्या कबरींच्या ओळी, गवत वाढलेलं, बायको म्हणाली चल इथून, आणि निघालो.

जेवण खानावळीत, कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं, ताकाचा तांब्या. वाढणारा पोरगा कानडीत विचारायचा, मी मराठीत उत्तर द्यायचो, भाकरी बरोबर येत होती.

दिवाळीत येतोयस ना? दोन दिवस काढ, पण शनिवार-रविवार नको, मधला वार बघ, आणि सकाळी गेट उघडायच्या आत तिथं पाहिजे. तू समोर बसायचं, मी अलीकडं. चपला खाली काढायला लावतात आणि उतरेपर्यंत दगड तव्यासारखा तापलेला असतो, तर मोजे आण, जाड. आणि हो, घरी आल्यावर बघितलं, कॉक बंद होता.

तुझा,
पक्या