गच्चीवर न जाताच ‘धुराचा पाइप ठीक’ : गॅस गिझरच्या सर्व्हिसिंगबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

अलिबागच्या आमच्या घरात तुमच्या कंपनीचा गॅस गिझर आहे. त्याचा धुराचा पाइप तुमच्याच माणसांनी गच्चीवर नेला आणि देखभालीचा वार्षिक करारही तुमच्याशीच आहे. दिवाळीआधी आलेल्या तंत्रज्ञाने बर्नर साफ केला, बॅटरी बदलली आणि कार्डावर ‘धुराचा पाइप – ठीक’ असे लिहून माझ्या पत्नीची सही घेतली. गच्चीच्या दाराची किल्ली त्याने मागितलीसुद्धा नाही.

पुढे टाकीच्या कामासाठी वर गेलेल्या प्लंबरने मला बोलावून पाइप दाखवला. टोपीखालच्या जोडाची गंजून चाळण झाली आहे. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पत्र्यातून आरपार गेला. खालच्या भागावर पांढरी भुकटी धरली आहे, म्हणजे तिथला जस्ताचा मुलामाही जाऊ लागला आहे. सर्वांत गंभीर म्हणजे, गंजाचे पापुद्रे आत पडून वळणावर साचले आहेत आणि धुराची वाट निम्मी बुजली आहे.

हा गंज एका पावसाळ्यातला नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन धुरातून जाते. थंडीत ती वाफ पाइपातच निवते आणि पत्रा आतून ओला राहतो. बाहेरून समुद्राचा खारा वारा आहेच. अशा जागी साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा बसवताना तुम्हाला हे माहीत असायला हवे होते. वाट बुजली की धूर घरात उलटतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. गळणाऱ्या गॅसचा वास तरी येतो, याचा तोही नाही. माझी नात रोज त्याच गिझरच्या पाण्याने आंघोळ करते. ‘ठीक’ हा शब्द वाचून आम्ही निर्धास्त राहिलो, याचा मला फार संताप आहे.

गिझर आता बंद ठेवला आहे. संपूर्ण पाइप व टोपी तुमच्या खर्चाने ३१६ दर्जाच्या (खाऱ्या हवेत सहज न गंजणाऱ्या) स्टेनलेस स्टीलमध्ये बदलून द्यावी. काम झाल्यावर गिझर चालू ठेवून घरातील कार्बन मोनॉक्साइड मीटरने मोजावा आणि गच्चीवरील फोटोंसह लेखी अहवाल द्यावा. किनाऱ्यालगतच्या तुमच्या इतर ग्राहकांचे पाइपही प्रत्यक्ष वर जाऊन तपासावेत, ही कळकळीची विनंती.

कार्डाची प्रत व पाइपचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक करारधारक ग्राहक, अलिबाग