'मेसेज सापडले : ३१२'

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'फक्त नंबर टाका, मेसेज वाचा' या सेवेतून झालेली फसवणूक, पैसे परत मिळणे व माहिती पुसून टाकण्याबाबत

महोदय,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' लिहून करायची माझी जुनी सवय. आज ती मोडतो आहे.

गेल्या महिन्यात मी तुमच्या कुटुंब सुरक्षा सेवेचे पैसे भरले. का, तेही सांगतो. मुलगी शिकायला बाहेरगावी असते. दोनेक महिने तिचं बोलणं तुटक झालं होतं आणि कुणाचे तरी मेसेज तिला रात्री-अपरात्री येतात, एवढंच तिच्या आईच्या कानावर आलं होतं. कुणी पोरीला फसवत तर नाही ना, या धास्तीने झोप उडालेली असताना तुमची जाहिरात दिसली. समोरच्याच्या फोनला हातही लावायचा नाही, त्याला कळणारही नाही, नुसता नंबर टाकायचा.

टाकला. टक्के सरकत गेले, 'सर्व्हरशी जोडत आहे' असं आलं आणि मग 'मेसेज सापडले : ३१२'. खाली चार ओळी मुद्दाम धूसर केलेल्या. वाचायच्या तर पैसे भरा. भरले. मग नवी अट निघाली : निकाल बघायला तुमचं ॲप माझ्याच फोनमध्ये घ्यायचं, तेही प्ले स्टोअरवरून नव्हे, तुम्ही पाठवलेल्या लिंकवरून. त्यासाठी घातक ॲप अडवणारं फोनमधलं प्ले प्रोटेक्ट बंद करा, एसएमएस वाचायची परवानगी द्या, नोटिफिकेशनची द्या, पडद्यावरचं सगळं वाचू देणारी ॲक्सेसिबिलिटी चालू करा. फोन प्रत्येक वेळी धोक्याची सूचना देत होता आणि तुमची सूचना सांगत होती, 'घाबरू नका, पुढे जा'. मी फोनचं न ऐकता तुमचं ऐकलं. ही चूक माझी, ती तुमच्या माथी मारत नाही.

ॲपचं चिन्ह दुसऱ्या दिवशी दिसेनासं झालं. मुलीचा एकही मेसेज आला नाही. बॅटरी मात्र दुपारीच संपू लागली. तिसऱ्या दिवशी बँकेतून फोन आला, की माझ्या कार्डावर अनोळखी खरेदी झाली आहे, ओटीपी बरोबर दिला गेला होता. मी तो ओटीपी पाहिलासुद्धा नव्हता. माझे मेसेज माझ्याआधी दुसरंच कुणी वाचत होतं आणि वाचून झाल्यावर सूचना पुसत होतं. लेकीवर पाळत ठेवायला निघालेल्या बापावरच पाळत बसली. हसायचं असेल तर हसा.

कार्ड बंद केलं आणि शेवटी मुलीलाच फोन करून सगळं सांगितलं. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, पहिलं नेट बंद करा." ॲपने घेतलेले डिव्हाइस ॲडमिनचे, म्हणजे फोनवर ताबा ठेवायचे, अधिकार तिने काढायला लावले, त्याशिवाय ते हटतच नव्हतं. पासवर्ड बदलले ते तिच्या आईच्या फोनवरून, कारण माझ्यावरून बदलले असते तर नवेही तुम्हाला पोचले असते. माझ्या खात्यांना जोडलेली उपकरणं तपासून अनोळखी ती बाहेर काढली आणि फोन मुळापासून रिसेट केला. तिच्या तुटक बोलण्याचं कारणही त्याच फोनवर चार मिनिटांत कळलं. ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

नंतर चिकाटीने एक प्रयोग केला. तुमच्या पानावर घरच्या लँडलाइनचा नंबर टाकला, ज्यावर आजवर एकही मेसेज आलेला नाही. टक्के सरकले. 'मेसेज सापडले : ३१२'.

तुमच्या मदत कक्षाने कळवलं, की 'ग्राहकाने स्वखुशीने परवानग्या दिल्या'. निकाल दिसावा म्हणून मागितलेली परवानगी ओटीपी वाचायला वापरलीत, त्याला माझी खुशी कधी होती? नुसत्या नंबरावरून कुणाचे मेसेज वाचून दाखवणारं संकेतस्थळ असूच शकत नाही. अशा सेवेला सहसा एक तर तो फोन हातात हवा, नाही तर खात्याचा पासवर्ड. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि 'पालकांसाठी' असं लिहिलं की सगळं खपतं, असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये फोनवर पाळत ठेवणारं ॲप विकणाऱ्या स्पायफोन या कंपनीला पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढलं आणि चोरून गोळा केलेली माहिती पुसायला लावली.

माझे पैसे परत करा आणि दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी थांबवा. माझ्या फोनमधून उचललेले मेसेज व संपर्कयादी पुसल्याचं लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पडद्याची छायाचित्रं, पावती आणि बँकेचं पत्र घेऊन मी सायबर पोलिसांकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. बँकेकडची तक्रार आधीच नोंदवली आहे.

आणखी एक. मुलीचा नंबर मी माझ्या हाताने तुमच्या रकान्यात भरला होता. परवापासून तिला 'तुमचं पार्सल अडकलं आहे, लिंक उघडा' असे मेसेज येऊ लागले आहेत. तिचा नंबर सगळ्यात आधी काढा.

आपला ग्राहक
(पावतीची प्रत सोबत जोडली आहे)